एका श्वासातले आकडे

माझा भाऊ माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे. धामणकर नाक्याजवळच्या एका कारखान्यात त्याने अठराव्या वर्षापासून माग चालवले. त्याच कारखान्यात मी जॉबर होतो. बिघडलेला माग दुरुस्त करणे हे माझे काम होते आणि माग चालवणाऱ्याचे लक्ष बिघडले तर त्याला सुनावणे हेही माझेच काम होते. या दुसऱ्या कामात मी भावाला कधी सवलत दिली नाही. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी मी तिथे एक फेरी मारत असे. ती सवय होती, दुसरे कारण नव्हते.

आमच्या धंद्यात तळपायांना मुंग्या येणे हा आजार समजला जात नाही. एका छपराखाली दोन डझन माग चालतात तेव्हा जमीन थरथरत असते. बारा तास तिच्यावर उभे राहिलेला माणूस घरी जाऊन खाटेवर पडला तरी ती थरथर त्याच्या पायांत राहते. नवा माणूस घाबरतो आणि विचारतो. जुने लोक हसतात आणि त्याला कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवायला सांगतात. मीही कितीएक जणांना हेच सांगितले आहे.

म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी, कारखाना बंद असताना, भाऊ शेलार गावातल्या माझ्या घराच्या ओट्यावर येऊन बसला आणि पायांना मुंग्या येतात, कापसावर चालल्यासारखे वाटते असे म्हणाला, तेव्हा मी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. मीठ घाल, म्हणालो. घातले, तो म्हणाला. मग आणखी घाल, म्हणालो. तो उठून गेला. जाताना त्याची चप्पल पायातून निसटली. त्याने ती पुन्हा घातली. हे मी पाहिले, पण त्याचा अर्थ लावला नाही.

शनिवारी सकाळी कारखान्यात गेलो तेव्हा तो दोन मागांच्या मधल्या वाटेवर पावले उचलून टाकत होता, गुडघाभर पाण्यातून चालल्यासारखा. त्याच्या शेजारचे माग एक उत्तरेकडचा कारागीर चालवतो. वयाने तिशीचा, तोंडाने तिखट. मागांच्या आवाजावर ओरडून तो म्हणाला, "चाचा, आज पायल पहन के आए हो क्या? इतना सँभल के चल रहे हो."

भावानेही त्याला काही उलट सुनावले. दोघे हसले. मी हसलो नाही, पण काळजीही केली नाही.

रविवारी मी उभा असताना त्याच्या मागावर ताण्याचा एक उभा धागा तुटला. तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला आमच्याकडच्या माणसाला बघावे लागत नाही. बोटे आपली आपण जातात, चिमटीत दोन टोके धरतात आणि गाठ बसते. भावाच्या चिमटीतून टोक सुटले. दुसऱ्यांदा सुटले. तिसऱ्यांदा त्याने दोन्ही हात डोळ्यांजवळ नेले, नवशिक्या नेतो तसे. हाताला मेंदी लावली आहे का, असे मी त्याला विचारले. चार माणसांदेखत विचारले. त्याने मान खाली घातली आणि चौथ्यांदा गाठ मारली. ती बसली, पण ढिली.

सोमवारी सकाळी त्याच्या बायकोने मला बोलावणे पाठवले. तो चहा प्यायला जमिनीवर बसला होता आणि त्याला उठता येत नव्हते. मी काखेत हात घालून त्याला उभे केले. गुडघे धरेनात. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. त्याची बायको म्हणाली, लकवा आहे.

आमच्या भागात लकवा म्हटला की पडघ्याच्या आत, एका गावात, एका म्हाताऱ्याकडे जायचे असते. तो चोळतो, पाला बांधतो, तीन आठवडे पथ्य सांगतो. पहिल्या दिवशी दवाखान्याची पायरी चढलेल्या रोग्याला त्याचा गुण येत नाही असे लोक मानतात, म्हणून आधी त्याच्याकडे आणि मग दवाखान्यात, हा क्रम ठरलेला. माझा त्यावर विश्वास नव्हता. तरी मी गाडी सांगितली. भावजयीने हट्ट धरला, आणि माझ्याजवळ तिच्यापेक्षा चांगले काही सांगण्यासारखे नव्हते.

म्हाताऱ्याने भावाला अंगणात खाटेवर बसवले. दात दाखवायला सांगितले. डोळे घट्ट मिटायला सांगितले. दोन्ही हात वर करायला लावले आणि ते खाली दाबून पाहिले. मग तळपायाला आपला तळवा लावून म्हणाला, लोट. भावाने लोटले. म्हाताऱ्याचा हात हललाही नाही. त्याने दुसरा पाय घेतला. तेच झाले. तो उठला आणि मला बाजूला घेऊन गेला.

"ह्यो लकवा न्हाय," तो म्हणाला. "लकवा एका अंगाला बसतो. याची दोन्ही अंगं सारखी जात हायेत, आणि खालून वर. मी हात लावणार न्हाय."

मग काय करायचे, असे मी विचारले.

"दवाखाना. आणि च्या प्यायला थांबू नका."

रोगी परत पाठवला तरी त्याला चहा दिल्यावाचून सोडायचे नाही, अशी त्याची रीत होती. त्याच्या घरातल्या बाईने कप मांडलेही होते. ते तसेच राहिले. त्या माणसाचे शिक्षण किती हे मला ठाऊक नाही. त्या दिवशी खरे निदान प्रथम त्याने केले आणि भावाला जे घड्याळ लागले होते ते मला प्रथम त्याने दाखवले. खालून वर. शनिवारी पावले, रविवारी बोटे, सोमवारी गुडघे. मी दिवस मोजले आणि पुढे वर काय काय आहे याचा विचार केला.

परतताना गोदामांकडे जाणारे कंटेनर रस्ताभर अडकले होते. धामणकर नाक्याला गाडी थांबली ती हलेना. भावजयीने मागच्या सीटवर नवऱ्याला खांद्याशी धरले होते. गाडीच्या हेलकाव्याने तो एका अंगावर कलला की तिला त्याला पुन्हा सरळ करावे लागे. डाव्या हाताला खिडकीतून कारखाना दिसत होता. भाऊ म्हणाला, माझे माग कोण बघतो आहे आज. मी म्हणालो, कोणीतरी बघत असेल. नाका ओलांडायला पाऊण तास गेला.

रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी रबरी हातोडीने भावाचे गुडघे ठोकले, घोटे ठोकले, कोपरे ठोकली. काहीही उडाले नाही. मग त्यांनी मला खुर्चीवर बसायला सांगून माझा गुडघा ठोकला. माझा पाय माझ्या परवानगीवाचून उडाला.

त्यांनी सांगितले ते मी नीट ऐकले, कारण त्यात सुटे भाग होते आणि प्रत्येक भागाला काम होते. गुडघ्यावर ठोका बसला की निरोप मज्जातंतूतून पाठीच्या कण्यापर्यंत जातो आणि तिथूनच उलट हुकूम सुटतो. मेंदूला नंतर कळते. म्हणून पाय आधी उडतो आणि माणूस मग चकित होतो. भावाच्या बाबतीत कण्याला काही झाले नव्हते, मेंदूलाही नाही. वाटच बंद पडत चालली होती. मज्जातंतूला वरून एक वेष्टन असते. त्या वेष्टनामुळे निरोप वेगाने धावतो. ते उसवले की निरोप अडखळतो आणि मग थांबतो. पावलांकडे जाणारे तंतू सर्वांत लांब, म्हणून बहुधा आधी तिथे कळते.

दोन-तीन आठवड्यांत पोट बिघडले होते का, असे त्यांनी विचारले. बिघडले होते. एका लग्नात जेवून आल्यावर तीन दिवस. शरीराने त्या जंतूंवर हल्ला केला, त्या म्हणाल्या, आणि जंतू संपल्यावरही हल्ला चालूच ठेवला. मज्जातंतूंचे वेष्टन त्याला शत्रूसारखे दिसले. औषध शिरेतून पाच दिवस द्यायचे होते. ते हल्ला थांबवते. उसवलेले वेष्टन पुन्हा तयार होते, पण ते काम शरीर आपल्या सवडीने करते.

मी विचारले, वर कुठपर्यंत चढेल?

त्यांनी माझ्याकडे पाहिले. सांगावे की नाही याचा त्या विचार करत असाव्यात. मग सांगितले. हृदय स्वतःच्या हुकमाने चालते, त्याला बाहेरून कोणी हलवावे लागत नाही. श्वासाचे तसे नाही. फुफ्फुसांखाली एक पडदा असतो. तो दर श्वासाला खाली ओढला जातो आणि तो ओढण्याचा हुकूम दर वेळी मज्जातंतूतूनच यावा लागतो. झोपेतसुद्धा. ती वाट बंद झाली तर पडदा थांबतो. तोपर्यंत आपण आपल्या हाताने घशात नळी घालून यंत्र लावले असले पाहिजे. उशीर झाला तर ते घाईत लावावे लागते, आणि घाईत लावलेल्याचे काही सांगता येत नाही.

बोटाला लावलेल्या, प्राणवायू मोजणाऱ्या चिमट्यावर विसंबू नका, असेही त्या म्हणाल्या. त्यावरचा आकडा अगदी शेवटपर्यंत चांगला दिसतो.

त्याऐवजी त्यांनी एक साधी रीत सांगितली. माणसाने खोल श्वास घ्यायचा आणि तो एकच श्वास पुरेल तितके आकडे मोठ्याने मोजायचे. त्यांनी पेनने खाटेच्या कठड्यावर गती ठोकून दाखवली. संथ, घड्याळासारखी. त्या सोमवारी संध्याकाळी भाऊ एकतीसपर्यंत गेला. मीही मोजून पाहिले, छत्तीस झाले. दर तासाला मोजा आणि लिहा, त्या म्हणाल्या. वीसच्या खाली आला की मला बोलवा. पंधराच्या खाली आला तर माझी वाट बघू नका, मी जिथे असेन तिथून ओढून आणा.

हे सारे भावाने खाटेवर पडल्या पडल्या ऐकले. त्याच्या कानांना आणि अकलेला काही झाले नव्हते. ही माझी दुसरी चूक. बोलणे बाहेर करायला हवे होते.

मंगळवारी सकाळी आठला मी कागद घेऊन बसलो. आठला अठ्ठावीस, नऊला सत्तावीस. या दोन्ही वेळा मी बोटाने कठड्यावर ताल धरला. मग सोडून दिला. एकोणसाठ वर्षांच्या माणसाला मोजता येते असे मी धरून चाललो. दहाला सत्तावीस. अकराला सत्तावीस. बाराला अठ्ठावीस. भावजयीने तो आकडा ऐकला आणि पदराने तोंड पुसले. औषध लागू पडते आहे, ती म्हणाली. मी हो म्हणालो.

एकला पुन्हा सत्तावीस. पण पाणी दिले तर त्याला ठसका लागला. आवाज नाकातून येऊ लागला होता. उशी नीट करायची म्हणून मी त्याला डोके उचल म्हणालो. त्याने प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताठल्या, डोके उशीवरच राहिले. मी कागद पाहिला. कागदावर तो ठीक होता.

दोन वाजता मी त्याला मोज म्हणालो आणि डोळे मिटले. जॉबर मागाचे दुखणे डोळे मिटून ऐकतो. डोळे उघडे असले की तो जिथे पाहतो तिथेच बिघाड आहे असे त्याला वाटते. मी भावाचे आकडे ऐकले नाहीत, त्यांच्यामधली जागा ऐकली. जागा नव्हती. एकाला लागून दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा. ती गती मला माहीत होती. चाळीस वर्षे ती माझ्या डोक्यात आहे. ती मागाच्या ठोक्याची गती होती.

आमचे कारागीर मनात ठोके मोजतात. धोट्यातली सुताची कांडी कधी संपेल याचा त्यांना अंदाज लागतो तो त्या मोजण्यावरून. ओठ हलत असतात, आवाज येत नाही. भावाला ती सवय होतीच. दहा वाजल्यापासून तो त्या गतीने मोजत होता आणि मी ते लिहून घेत होतो. श्वास आखूड होत गेला तसतशी त्याने गती वाढवली. आकडा तेवढाच राहिला. सवयीने झाले असते तर गती दर तासाला वाढली नसती.

मी डोळे उघडले आणि कठड्यावर बोट ठेवले.

"परत," मी म्हणालो. "या ठोक्यावर."

"दादा, सव्वीस झाले की आत्ता."

"परत."

तो अकरावर थांबला. अकरा हा शब्दही अर्धा आला. भावजय उठून उभी राहिली. मी कागदावर अकरा लिहू लागलो तेव्हा भाऊ म्हणाला, "लिहू नको."

मी थांबलो.

"मना नळी नको. ताईला लावली तवा सही तू केलीस." त्याने मध्ये श्वास घेतला. एका वाक्याला आता दोन श्वास लागत होते. "ती परत आली न्हाय."

आमची मधली बहीण महामारीच्या वर्षी गेली. तिला यंत्रावर ठेवताना कागदावर सही करणारा मी होतो. हे खरे होते. घरात कोणी ते इतक्या वर्षांत बोलून दाखवले नव्हते.

सही मीच केली, असे मी त्याला सांगितले. मग जे डॉक्टरीणबाईंनी मला समजावले होते ते त्याला समजावले. ताईचे फुफ्फुसच खराब झाले होते, तुझे धड आहे. तुझा फक्त पट्टा निसटला आहे, माग शाबूत आहे. यंत्र पट्ट्याचे काम करील, पट्टा पुन्हा चढेपर्यंत.

"तू डॉक्टर न्हाय," तो म्हणाला. "जॉबर हायस."

"होय."

"एक दिवस थांब. औषध चालू हाय."

त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. औषध चालू होते. ते उद्या लागू पडले असते तर नळीची गरज कदाचित उरली नसती, आणि नळी म्हणजे काय हे आम्ही दोघांनी एकदा पाहिले होते. मी कागदाकडे पाहत किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. एखादे मिनिट असेल. त्या मिनिटात त्याने किती श्वास घेतले ते मात्र आठवते. चौतीस. त्यातला एकही पोटापर्यंत गेला नाही. फक्त खांदे वर-खाली होत होते.

मी अकरा लिहिले. वरच्या चार आकड्यांवर रेघ मारली आणि नर्सकडे गेलो.

नर्सने चिमट्यावरचा आकडा पाहिला. सत्त्याण्णव. छान आहे, काका, ती म्हणाली. डॉक्टरांना बोलवा, मी म्हणालो. त्या आत एका रोग्याजवळ आहेत, ती म्हणाली. मी आवाज चढवला नाही, पण टेबलासमोरून हललोही नाही. तिने माझ्याकडे पाहिले, कागदाकडे पाहिले आणि ती गेली.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा भावाने त्यांच्यासमोरही वेगाने मोजले. चौदाला अडकला. हळू, काका, त्या म्हणाल्या आणि पेन ठोकू लागल्या. नऊ झाले. त्यांनी कागद घेतला आणि रेघा मारलेले आकडे वाचले. अतिदक्षता विभागात खाट तयार करायला सांगितली.

मग त्या भावाजवळ आल्या. तुम्ही पूर्ण शुद्धीवर आहात, तेव्हा परवानगी तुमची हवी, असे त्यांनी त्याला सांगितले. वेळ अर्धा-पाऊण तास आहे, जास्त नाही. भावाने भावजयीकडे पाहिले. ती म्हणाली, "भाऊजी सांगतील तसं करा ना हो." तो भिंतीकडे पाहू लागला.

मला त्याची समजूत घालता आली नसती. ती कला माझ्याकडे नाही. मी त्याला विचारले, तुला भीती कशाची आहे, नळीची की आणखी कशाची. हा प्रश्न मी त्याला जन्मात पहिल्यांदा विचारला असेन.

"ताई एकटी होती," तो म्हणाला. "आत कुणी न्हवतं. तिला सगळं कळत असंल."

त्या वर्षी आत कोणालाच सोडत नव्हते. आम्ही फाटकाबाहेर उभे होतो.

मी डॉक्टरीणबाईंना विचारले, आत किती वेळा सोडता. नियमाने दिवसातून एकदा, त्या म्हणाल्या. मी भावाकडे पाहिले. तीनदा, त्या म्हणाल्या, दहा-दहा मिनिटे, आणि बाकी वेळ काचेबाहेरच्या बाकावर बसता येईल.

मी भावाला तेवढेच सांगितले. "दिवसातून तीनदा. दहा मिनिटं. बाकीचा वेळ काचेबाहेर. याहून जास्त मी कबूल करत नाही."

त्याला मान हलवता येत नव्हती. त्याने डोळे मिटले आणि उघडले. डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारले, याचा अर्थ हो असा धरू का. त्याने पुन्हा तसेच केले. चार वाजायच्या आत नळी बसली. घाई करावी लागली नाही, असे त्यांनी नंतर बाहेर येऊन सांगितले, आणि बाकावर माझ्या शेजारी क्षणभर बसल्या. त्यांचे वय माझ्या नातीएवढे असेल.

बुधवारी त्याचे हात पूर्ण गेले. गुरुवारी चेहरा सैल झाला. पापण्या तेवढ्या राहिल्या. मेंदू जागा, कान जागे, कातडी जागी, आणि या सर्वांतून बाहेर पडायला पापणीएवढी एक फट. माणूस असा असू शकतो हे मला माहीत नव्हते. कोणी त्याच्या उशाशी काही बोलू लागले तर मी त्याला बाहेर काढत असे. एका नातेवाइकाने खाटेजवळ उभे राहून, आता कठीण दिसते, असे म्हटले. मी त्याला पुन्हा आत येऊ दिले नाही.

दहा मिनिटे बोलण्याइतका मजकूर माझ्याकडे कधीच नव्हता. पहिल्या दिवशी दुसऱ्या फेरीतच तो संपला. मग मी त्याला कारखान्याची खबर देऊ लागलो. कोणत्या मागावर कोण आहे, कोणत्याची पट्टी बदलली, शेजारचा कारागीर त्याचे दोन माग मोफत सांभाळतो आहे आणि शिव्या देतो आहे. एकदा मी त्याला सांगितले की मुंग्यांच्या वेळी मी मान वर करायला हवी होती. त्याने डोळे मिटले आणि उघडले. हो. उत्तर बरोबर होते.

सातव्या दिवशी त्याने भुवई हलवली. नवव्या दिवशी खांदा. जे शेवटी गेले ते आधी परत येऊ लागले. बाराव्या दिवशी यंत्राने त्याच्यावर सोपवलेला श्वास तो अखंड घेऊ लागला आणि नळी काढली. तासाभराने मला आत सोडले. घसा सोललेला होता, आवाज माणसाचा वाटत नव्हता. मी खाटेजवळ गेलो.

"एक दिवस थांबला असतास तर भागलं असतं," तो म्हणाला.

"नसतं," मी म्हणालो.

भावजय बाहेर रडत होती. मी तिला आत पाठवले आणि बाकावर बसलो.

पावले सर्वांत शेवटी आली. त्याला आठ महिने लागले, आणि अजून डावा पाय जरा आपटतो. माग त्याने सोडले. बोटांना गाठ मारता येते, पण बारा तास उभे राहवत नाही. आमची घरे शेलारला एकाच गल्लीत आहेत, मधे सहा घरे. संध्याकाळी काठी घेऊन तो माझ्या ओट्यापर्यंत येतो. बसत नाही. उभ्यानेच म्हणतो, एक दिवस थांबायला हवे होते. मी म्हणतो, थांबलो असतो तर तू हे सांगायला आला नसतास. तो म्हणतो, तू डॉक्टर आहेस का. यावर आमचे एकमत अजून झालेले नाही. तो वळतो आणि सहा घरे मागे चालत जातो. दारात त्याची काठी टेकल्याचा आवाज येईपर्यंत मी आत जात नाही.